‘बोलता येतंय म्हणजे पळणं फुकट’ म्हणे!

‘स्लो रनिंग म्हणजे निव्वळ टाइमपास’ असा तो सहा मुद्द्यांचा फॉरवर्ड गेल्या महिन्यात मला चार ग्रुपवर आला आणि चारही वेळा मी सोडून दिला. पाचव्यांदा तो ताईनं पाठवला, खाली एकच ओळ, "मग मी पाच महिने काय करत होते रे?" आता नाही सोडणार.

ताई 47 ची आहे. सुरुवातीला सलग दहा मिनिटं पळता येत नव्हतं, आता रविवारी दीड तास पळते, 8 च्या पेसनं, म्हणजे किलोमीटरला 8 मिनिटं, गप्पा मारत. हे वाचून तिनं दोन आठवडे प्रत्येक रन धाप लागेस्तोवर केला, मी शेजारीच होतो. दर वीस-पंचवीस सेकंदांनी मनगट वळवून बघायचं, त्यात झाडांखालून जाताना जीपीएस गंडतं, त्याच चालीत कधी 7:10 दाखवतं कधी 9:30, आणि 9:30 दिसलं की ही घाबरून सुटायची. तिसऱ्या आठवड्यात पोटरीत अशी चमक भरली की दहा दिवस जिना उतरताना कठडा धरत होती. हा त्या ‘मोटिव्हेशन’चा हिशोब.

पहिला मुद्दा, 7 च्या पेसपेक्षा हळू म्हणजे चालणंच. कुणी ठरवलं? 20 किमी चालण्याच्या शर्यतीत वरचे पुरुष किलोमीटरला 4 मिनिटांच्या आत चालतात, चालतात बरं का. पळताना मध्येच दोन्ही पाय क्षणभर हवेत असतात, चालताना एक पाय जमिनीवर असतो, फरक तेवढाच. घड्याळाला विचारून पळणं ठरत नाही.

मिनिटाला 180 पावलं पाहिजेतच, हे आणखी एक. जॅक डॅनियल्स या कोचनं 1984 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये धावपटूंची पावलं मोजली, आकडा तिथून आलाय. ऑलिंपिकची शर्यत, जगातले सगळ्यात वेगवान लोक. ताईच्या रविवारशी काय संबंध?

आता माझा लाडका मुद्दा. ‘दर आठवड्याला लाँग रनचा पेस निदान 5 सेकंदांनी सुधारलाच पाहिजे, नाहीतर तुम्ही थांबला आहात.’ लाँग रन म्हणजे आठवड्यातलं सगळ्यात लांब पळणं. मी बसून गणित केलं. ताईचा पेस 8:00, म्हणजे 480 सेकंद. केनियाच्या केल्व्हिन किपटमनं 2023 मध्ये शिकागोत 2:00:35 ची मॅरेथॉन मारली, तेव्हाचा विश्वविक्रम, त्याचा पेस पडतो साधारण 2:51. आठवड्याला 5 सेकंद कमी करत गेलं तर 62 व्या आठवड्यात ताई किपटमच्या पुढे. आणि 96 व्या आठवड्यात पेस शून्य, म्हणजे बुटाची नाडी बांधायच्या आधीच रन संपलेला. हे लिहिणाऱ्यानं एकदाही भागाकार करून बघितला नाही आणि हजारो लोकांनी पुढे ढकललं.

पण हे निदान हसण्यावारी नेता येतं. खरा घातक मुद्दा तो बोलण्याचा, ‘पळताना बोलता येत असेल तर ते किलोमीटर फुकट.’ नेमकं उलटं आहे! बोलता येतं पण गाता येत नाही, ही मध्यम व्यायामाची नेहमीची खूण आहे, आणि लांब पळायचा दम मुख्यतः अशाच पळण्यातून येतो. हळू, पण बराच वेळ पळालं की स्नायूंमधल्या केशवाहिन्या (बारीक रक्तवाहिन्या) वाढतात, पेशींतले ऊर्जा बनवणारे मायटोकाँड्रिया वाढतात, शरीर चरबी जाळायला शिकतं आणि साठवलेलं ग्लायकोजन, म्हणजे शरीरातला साखरेचा साठा, पुरवून वापरतं, आणि मुख्य म्हणजे दुसऱ्या दिवशी माणूस परत पळू शकतो. रोज धाप लागेस्तोवर पळणारा रोज अर्धवट दमलेला असतो, ना नीट जोरात ना नीट आरामात.

हे माझं मत नाही. स्पेनमधल्या एस्टेव्ह-लानाओ आणि मंडळींनी 2007 मध्ये छापलेला अभ्यास बघा. चांगल्या तयारीचे 12 धावपटू, पाच महिने, दोन गट, एकूण ताण सारखा. अगदी जोरात पळणं दोघांनाही 8 टक्केच. फरक कशात, तर एका गटाचं 80 टक्के पळणं आरामात, दुसऱ्याचं 67, आणि त्या दुसऱ्या गटाला मधल्या ‘जरा जोर लावा’वाल्या पट्ट्यात जास्त पळवलं. शेवटी 10.4 किमीच्या चाचणीत आरामवाले सरासरी 157 सेकंदांनी सुधारले, दुसरे 121-122 सेकंदांनी. म्हणजे ज्यांना वेग हवाय त्यांनासुद्धा बरंचसं पळणं आरामातच लागतं. बाराच माणसं होती, मान्य, पण फॉरवर्डवाल्याकडे तर एकही नाही.

आणि आर्थर लिडियार्ड विसरलात का? न्यूझीलंडचा कोच, त्याच्या हाताखाली तयार झालेली दोन पोरं 1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये एकाच दिवशी सुवर्णपदकं घेऊन आली, स्नेल 800 मीटरला आणि हॅलबर्ग 5000 ला. तो 800 मीटरवाला स्नेलसुद्धा रविवारी 35 किमीचा लाँग रन करायचा. त्यांचं ‘आरामात’ आपल्याला झेपणार नाही ती गोष्ट वेगळी.

‘हळू पळून हळूच पळायची सवय लागते’, यात अर्धं खरं आहे, द्यावंच लागेल. शर्यतीत टाइम सुधारायचा असेल तर आठवड्यात थोडं जोरात पळावं लागतं, त्या 80 टक्केवाल्यांनीही ते केलंच होतं. पण ताईला कुठली शर्यत मारायचीय? ‘हळू पळून गुडघ्यांवर भार वाढतो’, या मुद्द्याचंही तसंच. हळू पळताना एका किलोमीटरला पावलं जास्त पडतात, म्हणून गुडघ्यावरचा एकूण भार वाढतो, हे मोजलेलं आहे. पण प्रत्येक पावलाचा दणका कमी असतो, ते मात्र सोयीस्करपणे गाळलंय.

पोटरी बरी झाल्यावर मी तिच्या घड्याळाच्या स्क्रीनवरून पेस काढून टाकला, फक्त वेळ ठेवली. पहिल्या दिवशी चिडली, तरी सवयीनं मनगट वळवत होती. परवाच्या रविवारी एक तास चाळीस मिनिटं झाली, मी म्हटलं बास आता, तर म्हणे थांब, साहेबांनी पुढे काय केलं ते सांगायचंय अजून, आणि वळली पुढच्या चकरेला.