जांबोटीकरांच्या प्रतिक्रियेला उत्तर: पाहुण्याची माहिती कुणाची, आणि ‘निसर्गस्नेही’ कशाच्या जोरावर म्हणायचं

‘जांबोटीकर’ या नावाने आलेली प्रतिक्रिया तळमळीची आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. मूळ लेखाचं म्हणणं असं होतं: आयुर्वेद, योग किंवा विश्रांतीसाठी येणाऱ्या पाहुण्यांची माहिती गरजेपुरतीच घ्यावी आणि पर्यावरणाचा प्रत्येक दावा आकड्याने दाखवावा. त्यावर तुमचे तीन आक्षेप आहेत. एक, बेळगावहून गोव्याला जाणाऱ्या चोर्ला रस्त्यावरच्या पाच-सहा खोल्यांच्या होमस्टेला हे झेपणारं नाही, ही गोवा-बेंगळूरच्या मोठ्या रिसॉर्टची कामं. दोन, “पाहुणा आमच्या दारात आला, त्याचा नंबर आमचा. बुकिंग कंपनी कमिशनही घेते आणि पाहुण्याचा ईमेलही लपवते, मग आम्हीच का सोवळं पाळायचं?” तीन, “मातीची घरं, विहिरीचं पाणी, भोवती जंगल. हातच्या कांकणाला आरसा कशाला? सर्टिफिकेट म्हणजे पैसे भरून घेतलेली पाटी.”

दुसऱ्या आक्षेपातली तक्रार खरी आहे, म्हणून आधी तो घेतो. बुकिंग डॉट कॉमसारख्या कंपन्या पाहुण्याच्या ईमेलऐवजी स्वतःचा पर्यायी पत्ता देतात, आणि कमिशन बहुधा पंधरा टक्क्यांच्या खाली येत नाही. पाहुण्याने पुढच्या वेळी थेट आपल्याला फोन करावा असं वाटण्यात काहीच गैर नाही. पण त्यासाठी चेक-इनच्या वेळी घेतलेला नंबर सरळ व्हॉट्सअॅपच्या जाहिरात यादीत टाकणं, हा मार्ग चुकीचा आहे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा मालकीचा प्रश्न सोडवतच बसत नाही. तो पाहुण्याला हक्क देतो (माझी कोणती माहिती आहे ते सांगा, दुरुस्त करा, पुसा) आणि माहिती ठेवणाऱ्यावर जबाबदारी टाकतो. राहण्यासाठी दिलेला नंबर राहण्यापुरता वापरता येतो, जाहिरातीसाठी वेगळी संमती लागते, आणि संमती जितक्या सहज घेतली तितक्याच सहज मागे घेता आली पाहिजे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, मुख्य जबाबदाऱ्या अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून लागू होतात. पाच खोल्या आहेत म्हणून आपोआप सूट मिळत नाही. माहिती सांभाळण्यात हयगय झाली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी आहे. तेवढा दंड होमस्टेला होईल असं कुणी म्हणत नाही, पण जबाबदारी त्याच कलमाखाली येते.

आपल्या सीमाभागासाठी यात एक फार उपयोगाची तरतूद आहे. संमतीची सूचना पाहुण्याला इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या कोणत्याही भाषेत वाचता आली पाहिजे. मराठी, कन्नड आणि कोंकणी तिन्ही त्यात आहेत. नाहीतरी आपल्याकडे हुबळीचा, पुण्याचा आणि फोंड्याचा पाहुणा एकाच पंगतीला बसतो. एका पानावर तीन भाषांत चार-चार ओळी लिहा: काय घेतो, कशासाठी, किती दिवस ठेवतो, पुसायचं असेल तर कुणाला सांगायचं. त्याखाली दोन वेगळ्या चौकटी: ‘पुढच्या शिबिरांची माहिती व्हॉट्सअॅपवर पाठवा’ आणि ‘माझा फोटो वापरा’. दोन्ही कोऱ्या ठेवा, आधीच टिक करून नव्हे. ज्यांनी टिक केली त्यांची यादी छोटी होईल, पण ती हक्काने वापरता येईल.

खरा धोका नंबरात नाही, आरोग्याच्या फॉर्ममध्ये आहे. तुमच्या प्रतिक्रियेत त्याचा उल्लेखच नाही, म्हणून इथे जरा थांबतो.

अभ्यंग (तेलाचं मालिश) किंवा स्वेदन (वाफ देऊन घाम काढणं) करण्याआधी उपचार करणाऱ्याला खरोखर लागतं ते एवढंच: रक्तदाब, मधुमेह, चालू औषधं, अॅलर्जी, अलीकडची शस्त्रक्रिया, गर्भारपण, आणि त्या दिवशी ताप किंवा त्वचेवर जखम आहे का. प्रत्यक्षात इंटरनेटवरून उतरवलेले चाळीस-चाळीस प्रश्नांचे फॉर्म दिसतात: मानसिक आजार, वैवाहिक जीवन, पगार, घरच्यांचे आजार. मग रिसेप्शनवरचा मुलगा त्या फॉर्मचा फोटो काढतो आणि ‘थेरपी टीम’ ग्रुपवर टाकतो. तिथून तो आठ जणांच्या गॅलरीत उतरतो, ज्यांचं गुगल फोटोज चालू आहे त्यांच्या खात्यावर चढतो. त्यातला एखादा दिवाळीनंतर गोव्यात दुसऱ्या नोकरीला जातो आणि कुणा बाईच्या गर्भपाताची नोंद त्याच्या फोनमध्ये राहते. हा कायदा डिजिटल माहितीला आणि कागदावरून डिजिटल केलेल्या माहितीला लागू होतो. म्हणजे कपाटातला कागद त्याच्या बाहेर होता, फोटो काढला त्या क्षणी तो आत आला.

उपाय साधा आहे आणि खर्च जवळजवळ नाही. दोन कागद करा. रिसेप्शनच्या वहीत नाव, फोन, ओळखपत्राचा प्रकार, आधार असेल तर मास्क्ड प्रत, म्हणजे शेवटचे चारच आकडे. दुसऱ्या कागदावर फक्त पाहुणा क्रमांक आणि वरच्या सात गोष्टी. हा कागद वैद्यांच्या कुलूपबंद ड्रॉवरमध्ये. ग्रुपवर जायचं ते एवढंच: ‘क्र. १७, गरम तेल नको, डावा गुडघा टाळा.’ ग्रुपवर डिसअपिअरिंग मेसेज सात दिवसांवर ठेवा आणि प्रत्येकाच्या फोनवर मीडिया गॅलरीत दिसणं बंद करा. गुगल फॉर्म वापरत असाल तर तो वेबसाइट करून देणाऱ्या मुलाच्या खात्यावर नको, केंद्राच्या खात्यावर हवा. तो मुलगा काम सोडतो तेव्हा सगळी उत्तरं त्याच्याकडेच राहतात, आणि ही गोष्ट फार उशिरा लक्षात येते. बुकिंग सॉफ्टवेअर घेताना करारात दोनच वाक्यं मागून घ्या: करार संपल्यावर आमची माहिती एक्सेलमध्ये उघडणाऱ्या सीएसव्ही फाइलमध्ये परत मिळेल, आणि त्यानंतर तुमच्याकडची प्रत पुसली जाईल.

बिलाचं वेगळं. जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवावे लागतात. पण बिलावर ‘मूळव्याध उपचार, ७ दिवस’ असं छापलं, तर तो आजार सहा वर्षं अकाउंटंटच्या संगणकात बसतो. ‘उपचार पॅकेज ३’ पुरेसं आहे. परदेशी पाहुणा राहायला आल्याची सरकारी नोंद (जिला सी-फॉर्म म्हणतात) मात्र २४ तासांत करायचीच, त्यात संमतीचा प्रश्न नाही. वैद्य ठेवून पंचकर्म करत असाल तर केपीएमई (कर्नाटकच्या खासगी वैद्यकीय आस्थापना कायद्याखालची) नोंदणीही लागते, आणि बस्तीच्या (औषधी एनिमाच्या) नळ्या, रक्तमोक्षणाचा (रक्त काढण्याच्या उपचाराचा) कापूस हे जैव-वैद्यकीय कचऱ्यात जातं. ते घरच्या खड्ड्यात टाकून ‘निसर्गोपचार’ म्हणता येणार नाही.

आता तिसरा आक्षेप. पाटी विकत मिळते हे तुमचं म्हणणं बऱ्याच अंशी बरोबर आहे. बुकिंग डॉट कॉमने स्वतःचा ‘ट्रॅव्हल सस्टेनेबल’ शिक्का २०२४ मध्ये काढून टाकला, कारण नेदरलँड्सच्या ग्राहक प्राधिकरणाला तो दिशाभूल करणारा वाटला. जीएसटीसी (ग्लोबल सस्टेनेबल टुरिझम कौन्सिल) ही जागतिक संस्था स्वतः कुणा हॉटेलला प्रमाणपत्र देत नाही. ती निकष ठरवते आणि प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांना मान्यता देते. म्हणून ‘जीएसटीसी प्रमाणित’ असं कुणी विकायला आलं तर चार गोष्टी विचारा: प्रमाणपत्र देणारी संस्था कोण, तिला ‘अॅक्रेडिटेशन’ आहे की फक्त तिचे निकष ‘रेकग्नाइज्ड’ आहेत, तपासनीस प्रत्यक्ष जागेवर येणार का, आणि प्रमाणपत्रावर तुमच्या जागेचा पत्ता व मुदत छापणार का. ‘रेकग्नाइज्ड’चा अर्थ एवढाच की कागदावरचे निकष जुळतात. तपासणी नीट होते का, याची हमी त्यात नाही.

पण पाटी नको म्हणजे पुरावाही नको, हे पटत नाही. ऑक्टोबर २०२४ पासून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची हरित दाव्यांविषयीची मार्गदर्शक तत्त्वं लागू आहेत. ‘पर्यावरणस्नेही’, ‘शाश्वत’ असं नुसतं लिहून चालत नाही. दावा कशापुरता आहे ते सांगावं लागतं आणि पुरावा वाचकाला पाहता यावा लागतो, क्यूआर कोडने दिला तरी चालतो. आणि विहिरीचं पाणी म्हणाल, तर याच रस्त्यावरच्या कणकुंबीला जून ते सप्टेंबर कोसळणारा पाऊस एप्रिलमध्ये विहिरीत उरत नाही. पाहुण्यांची गर्दी मात्र एप्रिल-मे मध्येच असते.

मोजायचं कसं? विहिरीच्या पंपानंतर एक मीटर बसवा. मीटरच्या आधी गाळणी हवी, नाहीतर रेतीने पंखा अडकतो आणि आकडा कमी दिसतो. मीटरच्या आधी पाइपच्या व्यासाच्या दहापट आणि नंतर पाचपट सरळ पाइप ठेवा. लगेच कोपरा आला तर वाचन चुकतं. ‘टाकी भरायला किती वेळ, गुणिले पंपाचे तास’ हा हिशेब आपल्याकडे चालत नाही, कारण व्होल्टेज कमी-जास्त होतं आणि उन्हाळ्यात पातळी खाली गेली की पंप कमी पाणी फेकतो. रोज सकाळी सात वाजता आकडा वहीत लिहा. वरच्या टाकीतून खोल्यांकडे जाणाऱ्या पाइपवर दुसरा मीटर असेल तर महिन्यातून एकदा रात्री अकराला आणि पहाटे पाचला वाचा. सगळे झोपलेले असताना जेवढं पाणी गेलं ती गळती, आणि बहुतेक वेळा ती संडासच्या फ्लशची असते.

समजा महिन्यात ८४,००० लिटर पाणी आणि २१० पाहुणा-रात्री (एक पाहुणा एक रात्र राहिला की एक). म्हणजे एका पाहुण्यामागे एका रात्रीला ४०० लिटर. त्याच महिन्यात वीज कंपनी हेस्कॉमचे ९०० युनिट, जनरेटरला ४० लिटर डिझेल, १९ किलोचे तीन सिलिंडर. वीज युनिटला सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड, डिझेल लिटरला २.७, गॅस किलोला ३ असे धरले तर ६३०, १०८ आणि १७१, एकूण ९०९ किलो, म्हणजे पाहुणा-रात्रीला सव्वाचार किलोच्या आसपास. पुण्याहून कारने येऊन-जाऊन सातशे किलोमीटर धरा, पंधराचा अॅव्हरेज, तर सुमारे ४७ लिटर पेट्रोल आणि शंभर किलोहून जास्त कार्बन डायऑक्साइड. म्हणून ‘कार्बनमुक्त मुक्काम’ असं लिहिणाऱ्याचा हिशेब पहिल्याच ओळीत फसतो. खानापूर किंवा लोंढ्याला रेल्वेने या, स्टेशनवर गाडी पाठवतो, ही ओळ जास्त खरी आणि जास्त उपयोगाची. आणि या सगळ्या हिशेबाला पाहुण्याचं नाव लागत नाही. किती रात्री राहिला, कोणत्या जिल्ह्यातून, कशाने आला, एवढंच. माहितीचा मुद्दा आणि पर्यावरणाचा मुद्दा मूळ लेखात एकत्र आले ते याचसाठी.

तेलाकडे तर कुणाचंच लक्ष नसतं. शिरोधारेला (कपाळावर तेलाची धार धरण्याला) एका वेळी दीड-दोन लिटर तेल लागतं, अभ्यंगाला शंभर-दोनशे मिलिलिटर. ते गरम साबणाच्या पाण्याबरोबर मोरीत गेलं की तेल अडवणाऱ्या ग्रीस ट्रॅपमधूनही निसटतं, कारण गरम फेसात तेल वेगळं होत नाही. पुढे जाऊन शोषखड्ड्याच्या भिंतीवर त्याचा थर बसतो आणि दोन पावसाळ्यांत खड्डा पाणी पिणं बंद करतो. आधी कागदाने किंवा बेसनाने तेल पुसा, मग आंघोळ. ट्रॅप पाव भरला की साफ करा. तेलकट टॉवेल ड्रायरमधून काढून गरम गरम रचून ठेवू नका. तिळाचं तेल हवेशी संयोग पावून आतल्या आत तापतं आणि गठ्ठा पेट घेऊ शकतो. पसरून थंड होऊ द्या, मगच घड्या घाला.

भीमगड अभयारण्याच्या बाजूला असाल तर दिव्यांचीही नोंद ठेवा. तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांत रॉटनचं दुर्मीळ वटवाघूळ राहतं. रात्रभर पांढरे फ्लडलाइट लावून ‘जंगलाच्या कुशीत’ असं लिहिणं शोभत नाही. पिवळसर, खाली तोंड केलेले दिवे, आणि दहानंतर बंद.

राहिला पहिला आक्षेप, झेपण्याचा. प्रमाणपत्र आज घेऊ नका. आधी बारा महिन्यांच्या नोंदी करा, आणि बाराही महिन्यांची एकत्र बेरीज काढा. एखाद्या महिन्यात पाहुणे फारच कमी असतात, त्या एका महिन्याचा भागाकार भलताच आकडा दाखवतो. महिन्यातून एकदा शेजारच्या होमस्टेच्या मालकाला बोलावून मीटर वाचून घ्या, त्यांनी वहीत सही करावी, तुम्ही त्यांच्याकडे करावी. याला प्रमाणित म्हणू नका, ‘शेजाऱ्याने तपासलेली नोंद’ असंच लिहा आणि वहीच्या पानाचा फोटो क्यूआर कोडमागे ठेवा. फक्त त्या पानावर कुणा पाहुण्याचं नाव नाही ना, हे फोटो टाकण्याआधी बघून घ्या.