हाताखालच्या माणसांना मोटिव्हेट कसं करावं (पैसे सोडून)

तुम्ही नुकतेच साहेब झाला असाल, हाताखाली पंधरा-वीस माणसं असतील आणि अप्रेझल झाल्यापासून ती तोंड पाडून बसली असतील, तर हे तुमच्यासाठी. परवा आमच्या ऑफिसने आम्हाला दिवसभर मोटिव्हेट केलं. इन्क्रिमेंटची पत्रं अजून 'प्रोसेसमध्ये' आहेत, पण ट्रेनर वेळेवर आला. तिथे जे ज्ञान मिळालं ते एकट्याने पचवणं जड जातंय, म्हणून वाटतो.

वर्कशॉप शनिवारीच ठेवा, सुट्टीच्या. कामाच्या दिवशी ठेवलं तर कामाचं नुकसान होतं.

पहिल्याच स्लाइडवर मानसशास्त्रज्ञ मास्लोचा, माणसाच्या गरजांच्या पायऱ्यांचा त्रिकोण हवा. खाली अन्नपाणी-झोप, मग सुरक्षितता, आपुलकी, मान आणि टोकाला आत्मसाक्षात्कार, म्हणजे अंगात जे आहे ते पुरेपूर करून दाखवणं. 'आधी पोटोबा, मग विठोबा' हे आपल्या आजीला ठाऊक होतं, पण आजीकडे प्रोजेक्टर नव्हता. मास्लोचा 1943 चा मूळ लेख मात्र चुकूनही वाचू नका. त्यात त्रिकोण नाहीच. पायऱ्यांचा क्रम पक्का नसतो, आणि खालची गरज शंभर टक्के भागल्याशिवाय वरची जागी होत नाही असंही नाही, हे त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. साधारण माणसाच्या शारीरिक गरजा 85 टक्के भागतात आणि आत्मसाक्षात्कार जेमतेम 10, असे आकडे त्याने दिले, आणि ते अंदाजाने घेतलेत हेही सांगितलं. आमच्या ट्रेनरइतकी खात्री खुद्द मास्लोलाही नव्हती. अभ्यासकांना सापडलेला सर्वांत जुना छापील त्रिकोण 1960 चा, चार्ल्स मॅकडर्मिड नावाच्या सल्लागाराच्या लेखातला. त्या लेखाचं शीर्षक काय असावं? 'पैसा माणसांना कसा प्रेरित करतो'. ही माहिती एचआरपर्यंत पोचू देऊ नका.

व्यवस्थापनाचे अभ्यासक डग्लस मॅकग्रेगर यांनी 1960 मध्ये साहेब लोकांच्या दोन समजुती मांडल्या. एक्स, म्हणजे माणूस मुळात कामचुकार. आणि वाय, म्हणजे माणूस आपणहून जबाबदारी घेतो. तुम्ही भाषणात वाय ठेवा आणि दारात थंब मशीन.

लोकांना स्वायत्तता हवी असते, असं डेसी आणि रायन हे मानसशास्त्रज्ञ सांगतात. टी-शर्टचा रंग निवडू द्या.

दर महिन्याला एकाला सर्टिफिकेट द्या. 1973 मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या एका बालवाडीत, मुळात आवडीने चित्रं काढणाऱ्या मुलांवर प्रयोग केला. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर सोनेरी चांदणीचं, लाल फितीचं प्रशस्तिपत्र मिळेल. ते मिळालंही. नंतर मोकळ्या वेळेत ही मुलं, काहीच न मिळालेल्या मुलांच्या मानाने साधारण निम्माच वेळ चित्रं काढत बसली. तेव्हा ऑफिसात कोणी स्वतःच्या आवडीने काम करताना आढळला, तर त्याला ताबडतोब 'स्टार ऑफ द मंथ' करा.

फीडबॅक फॉर्मवर नाव ऐच्छिक ठेवा, पण एम्प्लॉयी आयडीशिवाय तो सबमिट होऊ देऊ नका.

'मालकासारखा विचार करा' हे वाक्य दिवसातून निदान तीनदा यावं. इथे भारतीय उदाहरणही तयार आहे. डेव्हिड मॅक्लेलंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1964 च्या सुमारास आंध्रातल्या काकिनाड्याच्या छोट्या व्यावसायिकांना काही तरी करून दाखवण्याच्या ऊर्मीचं प्रशिक्षण दिलं आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी पुढे धंदा वाढवला. फक्त एक सांगू नका, ती माणसं खरोखरच मालक होती. निर्णय त्यांचा, नफाही त्यांचा. आम्हाला पेन-ड्राइव्ह मागवायचा तर तीन सह्या लागतात.

आता हुकमाचा एक्का, हर्झबर्ग. कोणी इन्क्रिमेंटचं विचारलं की मंद हसायचं आणि म्हणायचं, "संशोधन सांगतं, पैशाने माणूस मोटिव्हेट होत नाही." आमच्या ट्रेनरने हेच केलं आणि पहिल्या रांगेतल्या साहेबांनी टाळी दिली. फ्रेडरिक हर्झबर्ग या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या पिट्सबर्ग भागातल्या सुमारे दोनशे इंजिनिअर आणि अकाउंटंटना विचारलं होतं, कामावर फार छान कधी वाटलं आणि फार वाईट कधी. 1959 साली निष्कर्ष छापले. छान वाटण्यामागे काम फत्ते होणं, दखल घेतली जाणं, मुळात काम चांगलं असणं, जबाबदारी, बढती. वाईट वाटण्यामागे कंपनीची धोरणं, डोक्यावर बसणारा साहेब, कामाची जागा आणि, ऐका नीट, पगार! पगार कमी पडला, अन्यायाने दिला, की माणूस आतून कडवट होतो, हे त्याच माणसाने सांगितलंय. आमचे साहेब हो, तुम्ही अर्धंच वाचलंत, आणि तेही स्वतःच्या सोयीचं. पगार वाढवला की भागलं असं नाही, त्यापुढे कामच नीट घडवा, माणसाला पूर्ण काम आणि त्याचा अधिकार द्या, असं तो सांगत होता. पगार थोपवा आणि नाचून दाखवा असं कुठे म्हणाला? दिलीत जबाबदारी? टार्गेट दिलंत. दखल घेतलीत? बेल कर्व्हमध्ये, म्हणजे ठरावीक जणांना खालचं रेटिंग द्यायचंच अशा साच्यात, कोंबलंत. चांगलं काम करणाऱ्याला रेटिंग खाली आणून सांगितलंत, 'तुझं काम उत्तम आहे, पण कोणाला तरी तिथे बसवावं लागतं'. बढतीच्या नावाने तोंडाला पानं पुसलीत आणि वर डोळे मिटून 'मी समर्थ आहे' म्हणायला लावलंत.

राहू द्या तो उपरोध. अहो, आमच्यातला एक मुलगा रात्री दोन वाजता फोन आला तरी उठून सिस्टिम चालू करून देतो. त्याला कोणी टाळ्या वाजवायला शिकवलं नव्हतं. त्याला ते काम येतं आणि आवडतं, बस्स. गेल्या अप्रेझलला त्याला 'अपेक्षेप्रमाणे' असा शेरा मिळाला आणि परवा त्यालाच तुम्ही स्टेजवर बोलावून फुगा फुगवायला लावलात. तो हसत होता, कारण एचआरवाले फोटो काढत होते. माणसं आळशी नाहीत हो, ती कंटाळलीत, आणि कंटाळलीत ती तुम्हाला. हे कळायला मानसशास्त्र लागत नाही, पगाराची शीट उघडली तरी पुरे. लाज वाटू द्या जरा. आणि त्या ट्रेनरला किती दिलेत तेही एकदा सांगून टाका. की त्यालाही सर्टिफिकेटच दिलंत?