हीटलीचं नाव राहिलंच

पेनिसिलिनवरचा तुमचा लेख आवडला, पण या जंतुनाशक औषधाची गोष्ट १९२८ मध्ये फ्लेमिंगच्या बुरशी आलेल्या बशीपाशीच संपवलीत, ते मनाला लागलं. त्या बुरशीचं औषध झालं ऑक्सफर्डला, बारा वर्षांनी. तिथल्या फ्लोरी आणि चेन या शास्त्रज्ञांना निदान नोबेल तरी मिळालं. त्यांचा सहकारी नॉर्मन हीटली याचं नाव कुणी घेतच नाही. युद्धामुळे भांडी मिळेनात, तर या माणसाने चक्क बेडपॅनमध्ये, म्हणजे रुग्णांच्या शौचाच्या भांड्यात, बुरशी वाढवली. २५ मे १९४० ला आठ उंदरांना जीवघेणे जंतू टोचले, त्यातल्या चौघांनाच पेनिसिलिन दिलं. हीटली पहाटेपर्यंत पिंजऱ्यांपाशी बसून होता. औषध न दिलेले चारही मेले, बाकीचे जिवंत! पुढच्या वर्षी अल्बर्ट अलेक्झांडर या पोलिसाच्या लघवीतून पेनिसिलिन परत काढून त्यालाच टोचलं. बरा होत आला होता हो तो, पण साठा संपला आणि गेला.