थर्मल कॅमेरा वापरून काहीही न सापडू देण्याची पद्धत

थर्मल कॅमेरा, म्हणजे वस्तूंचं तापमान रंगांत दाखवणारा कॅमेरा, विकत घेतलात म्हणजे कारखान्यातलं निम्मं मेंटेनन्स झालंच. उरलेलं निम्मं अहवालात होतं. मधे फक्त एक अडचण आहे, ती म्हणजे तपासणी. ती नीट केली तर दोष सापडतात, दोष सापडले की शटडाऊन मागावा लागतो आणि शटडाऊन मागितला की प्रॉडक्शनवाले तुमच्याशी बोलायचे बंद होतात. असलं हात दाखवून अवलक्षण कशाला करायचं? थोडी काळजी घेतली तर कॅमेराही वापरला जातो, ऑडिटही पार पडतं आणि कुणाची झोपही मोडत नाही.

विल्यम हर्शेलने १८०० साली प्रिझममधून सूर्यप्रकाश पाडला आणि लाल रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, तिथे थर्मामीटर ठेवला. पारा वर चढला आणि इन्फ्रारेडचा, म्हणजे तुमचा कॅमेरा ज्यावर चालतो त्या न दिसणाऱ्या किरणांचा, शोध लागला. बिचाऱ्याजवळ रंगीत चित्र नव्हतं, म्हणून त्याला आकडा वाचावा लागला. तुमच्यावर ती वेळ आलेली नाही.

आधी मुहूर्त बघा. तपासणीला सुट्टीचा दिवस उत्तम. मशिनं बंद, विजेच्या पॅनलसमोर गर्दी नाही, निवांत फोटो काढता येतात. विजेच्या सैल जोडावर तयार होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणजे करंट निम्मा झाला की उष्णता पाव. लोड, म्हणजे विजेचा भार, किमान ४० टक्के तरी असावा आणि शक्यतो नेहमीइतका पूर्ण असावा, असं जाणकार सांगतात. हे वाक्य लक्षात ठेवा, म्हणजे काय टाळायचं ते कळेल. अहवालात लोडचा रकाना असलाच तर ‘नॉर्मल’ लिहा. अँपिअर लिहिलेत की पुढच्या वेळीही लिहावे लागतात. उघड्यावरच्या विजेच्या यार्डात जायचं असेल तर वारा सुटलेला दिवस गाठा. तापलेला जोड वारा आपणहून गार करून देतो, तोही फुकट.

पॅनलचं दार उघडू नका. चालू पॅनल उघडणं धोक्याचं असतं, हे मात्र अगदी खरं आहे. म्हणूनच प्रशिक्षित माणूस, आर्क फ्लॅशचा (विजेच्या ठिणगीच्या भडक्यापासून वाचवणारा) सूट किंवा दारातच बसवलेली इन्फ्रारेड खिडकी असे उपाय निघाले. पण ते सगळे बजेटच्या मीटिंगमध्ये ‘पुढच्या वर्षी बघू’ या खात्यात जातात. तोपर्यंत बंद दाराचाच फोटो काढा. कॅमेरा पत्र्याच्या आरपार बघत नाही, पृष्ठभागच बघतो, ही गोष्ट साहेबांना सांगायची गरज नाही. पारदर्शक ॲक्रिलिकचं कव्हर असेल तर दुधात साखर. ८ ते १४ मायक्रॉन तरंगलांबीच्या ज्या पट्ट्यात हे कॅमेरे बघतात, तिथे ॲक्रिलिक आणि काच म्हणजे भिंतच. आतला लग (केबलच्या टोकाचा धातूचा जोड) डोळ्यांना लख्ख दिसतो आणि कॅमेऱ्यात कव्हरचं तापमान येतं. फोटो खरा, आकडा खरा, फक्त वस्तू दुसरी.

आता एमिसिव्हिटी, म्हणजे पृष्ठभाग स्वतःची उष्णता किती बाहेर फेकतो त्याचं शून्य ते एकमधलं माप. सगळ्यात जास्त मदत इथेच होते. चकचकीत तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची पट्टी स्वतः फारच थोडी उष्णता बाहेर फेकते. तिची एमिसिव्हिटी ०.१ च्या आतबाहेर. बाकी सगळं आजूबाजूचं प्रतिबिंब. तुमचा कॅमेरा बहुधा ०.९५ वर बसलेला असतो. त्याला तिथून हलवू नका. ३० अंशांच्या खोलीत ९० अंशांना तापलेली अशी पट्टी तुम्हाला चाळिशीच्या आसपास दिसेल. इतकी आज्ञाधारक पट्टी बघून कोणाला आनंद होणार नाही?

कधी त्या पट्टीवर एक उबदार डाग दिसतो. तुम्ही डावीकडे सरकलात की डागही डावीकडे सरकतो, वाकलात की वाकतो. अजिबात दचकू नका आणि कारणही शोधू नका. तो तुम्हीच आहात. त्याची ‘बसबारवर (म्हणजे त्याच पट्टीवर) हॉट स्पॉट, बोल्ट टाइट करणे’ अशी नोंद करा. अहवालात एक दोष असलेला बरा दिसतो. शेजारच्या केबलचं इन्सुलेशन, रंगवलेला भाग किंवा शटडाऊनमध्ये पट्टीवर चिकटवून ठेवलेला काळ्या टेपचा तुकडा खऱ्याच्या जवळचं तापमान सांगतो. चार पैशांच्या टेपने एवढ्या महागड्या कॅमेऱ्याला शहाणपण शिकवावं, हे बरं दिसत नाही. टेप लावू नका.

फोकसचंही तसंच. एमिसिव्हिटी नंतर कॉम्प्युटरवर बदलता येते, पण धूसर फोटो कुठलंही सॉफ्टवेअर पुन्हा स्पष्ट करून देत नाही. म्हणून फोटो धूसरच घ्या आणि लांबून घ्या. लहानसा लग आणि त्यामागचा गार पत्रा एकाच पिक्सेलमध्ये आले की त्यांची सरासरी निघते, आणि सरासरीत सगळेच दोष सौम्य होतात.

रंगांची स्केल ऑटोवर ठेवा. मग चौकटीत जे सगळ्यात गरम असेल ते पांढरं आणि सगळ्यात गार ते काळंनिळं, मग फरक दोन अंशांचा असो की ऐंशीचा. निरोगी पॅनल पेटल्यासारखा दिसतो, आणि खरोखर पेटायच्या बेतात असलेलाही तस्साच दिसतो. बाजूची तापमानाची पट्टी फोटोतून कापली की दोघांत भेदभाव उरत नाही.

तरीही एखादा चिकित्सक विचारेलच, की तीन फेजची, म्हणजे वीज आणणाऱ्या तीन तारांची, तुलना केली का? सारख्या लोडवरच्या सारख्या भागांमध्ये १५ अंशांहून जास्त फरक म्हणजे ताबडतोब दुरुस्ती, असा एक प्रचलित निकष आहे. त्याला सांगा, फरक १२ चाच आहे. लोड ३० टक्के होता हे सांगू नका. जोड सैल असेल तर उष्णता जोडावर सगळ्यात जास्त असते आणि केबलवर लांब जावं तसतशी उतरत जाते. अख्खी केबल सारखीच तापली असेल तर दोष जोडाचा नाही, भाराचा. तुम्ही दोन्हीकडे ‘लूज कनेक्शन’च लिहा. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, पण बंब निघाला याची नोंद झाली ना! आणि तीन फ्यूजांपैकी एक छान गार, निळाशार दिसला तर त्याचं कौतुक करा. तो उडालेला असू शकतो, त्यातून करंटच जात नसेल, असले अशुभ विचार मनात आणायचे नाहीत.

बेअरिंग तापलं की ग्रीस भरा. आणखी तापलं की आणखी ग्रीस. जास्त ग्रीसनेही बेअरिंग तापतं, त्यामुळे हा कार्यक्रम न थांबता चालू राहतो आणि स्टोअरमधून ग्रीस उचलल्याची नोंद नियमित पडते.

इतकं करूनही एखादा दोष खरोखरच सापडला, तर घाबरायचं कारण नाही. शेऱ्याच्या जागी ‘निरीक्षणाखाली’ लिहा. फारच दबाव आला तर शटडाऊनमध्ये लांब दांड्याचा पाना घेऊन एखाद्या तगड्या माणसाला पाठवा आणि बोल्ट करकरेपर्यंत आवळायला सांगा. काळा पडलेला जोड उघडून साफ करायचा, ठरलेल्या जोरानेच आवळणारा टॉर्क रेंच लावायचा, पिचलेला वॉशर बदलायचा, ही सगळी वेळखाऊ माणसांची कामं. जास्त आवळल्याने बोल्ट ताणला जातो आणि काही महिन्यांनी पुन्हा सैल होतो, पण तोपर्यंत दुसरी तपासणी आलेली असते. दुरुस्तीनंतर लोड चढवून त्याच जागेचा पुन्हा फोटो घ्यावा का, असा प्रश्न कुणी विचारलाच, तर अहवालाचा छापील फॉर्म त्याच्यापुढे धरा. त्यात तसा रकानाच नाही.