मॅनेज करून घ्या ना भाऊ

नागपुरात ज्याला ‘मॅनेज’ हा एक शब्द नीट वापरता येतो, त्याचं बाकीच्या इंग्रजीवाचून काही अडत नाही. बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, गाडी लावायला जागा नाही? मॅनेज होऊन जाते. लग्नात पन्नास-साठ माणसं जास्तीची आली? मॅनेज करतो ना भाऊ. सोसायटीच्या निवडणुकीत समोरच्या पॅनलच्या माणसानं शेवटच्या दिवशी अर्ज मागे घेतला? मॅनेज झाला बे तो. पोराला ताप, नवरा दौऱ्यावर, ऑफिसात ऑडिट, आणि फोनवर बाई सांगते, ‘काय करू, करून राहिली मॅनेज.’

क्रियापद एकच, पण पहिल्या वाक्यात नुसती बेफिकिरी आहे, दुसऱ्यात कसब, तिसऱ्यात पैसा आणि चौथ्यात एका बाईचं मोडलेलं कंबरडं. मी अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवते, त्यामुळे मराठीत घुसलेल्या इंग्रजी शब्दांवर चिडणं हे माझं कामच आहे असं लोकांना वाटतं. मला त्यांचा राग येत नाही. टेबल, बस, डॉक्टर आले आणि आपलेच झाले. ‘मॅनेज’वर मात्र माझा डोळा आहे, कारण हा शब्द आपल्याकडे येऊन भलत्याच गोष्टी झाकायला लागला आहे.

आधी स्वतःच्या घरी तो कसा वागतो ते बघू.

इंग्रजीत ‘मॅनेज’पुढे ‘टू’ लावून दुसरं क्रियापद जोडलं की अर्थ होतो, अडचण होती तरी काम झालं. ‘शी मॅनेज्ड टू कॅच द ट्रेन’ म्हणजे धापा टाकत का होईना, गाडी मिळाली. ‘ट्राइड टू कॅच’ म्हटलं तर मिळाली की सुटली ते कळतच नाही. लॉरी कार्टुनेन नावाच्या मूळच्या फिनलंडच्या भाषाशास्त्रज्ञानं १९७१ साली अशा क्रियापदांवर एक निबंध लिहिला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की ‘मॅनेज्ड टू’ म्हणणारा काम झाल्याची हमी देतो आणि ‘डिडन्ट मॅनेज टू’ म्हणणारा न झाल्याची. मधली पळवाट नाही. शिवाय काम सोपं नव्हतं हेही न बोलता त्यात येतं. धडधाकट माणूस ‘आय मॅनेज्ड टू ब्रीद’ म्हणाला तर ऐकणारा चमकतो तो यामुळेच.

आता आपला मॅनेज घ्या. प्लंबर ‘मॅनेज करतो मॅडम’ म्हणाला की नळ दुरुस्त होईल, अर्धवट होईल, किंवा तो उद्यापासून फोन उचलणार नाही, या तिन्ही शक्यता उघड्या राहतात. तिकडे जो शब्द हमी देतो, तोच इकडे हमी टाळायच्या कामी येतो. आणखी एक गंमत. ‘आय कॅन मॅनेज’ हे इंग्रजीत मदत नाकारायचं सभ्य वाक्य आहे. जड पिशवी घेऊन निघालेली आजी असं म्हणाली तर पिशवीला हात लावायचा नसतो. आपल्याकडे कुणी ‘मी मॅनेज करतो’ म्हटलं की समोरचा खुर्ची पुढे ओढून हळूच विचारतो, ‘किती लागतील?’

खऱ्या इंग्रजी अर्थानं मॅनेज करणारा माणूस मी पाहिला तो वर्धा रोडवरच्या एका लॉनमध्ये, नात्यातल्या लग्नात. ऐन मे महिना. वऱ्हाड ठरल्यापेक्षा बरंच जास्त आलेलं. यजमानांचा चेहरा पडला, पण आचारी खुर्चीवरून उठला नाही. बसल्या बसल्या त्यानं दोन पोरांना हाक मारली. वरणाच्या मोठ्या गंजात उकळतं पाणी गेलं, वरून हिंग-जिऱ्याची नवी फोडणी, मूठभर गूळ, सांबार (म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर). आलुवांग्याच्या भाजीतला मोठा डाव काढून लहान पळी दिली. वाढप्यांना एकच सूचना होती: पोळी विचारा, भात विचारा, भाजी कोणी मागितल्याशिवाय विचारू नका. मग जिलबी आधी फिरवली. शेवटच्या पंगतीतले लोक बोटं चाटत उठले आणि कुणाला काही कळलं नाही. नागपुरात २०१५ पासून आयआयएम आहे. या माणसाला तिथे एकदा तासाला बोलवायला पाहिजे, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

शब्दाचं कूळ मात्र रांगडं. लॅटिनमध्ये ‘मानुस’ म्हणजे हात (आपल्या माणसाशी त्याचा काही संबंध नाही, उगाच जोडू नका). त्यावरून इटालियनमध्ये ‘मानेज्जारे’ झालं, म्हणजे हाताळणे, आणि त्यातही घोडा हाताळणे. सोळाव्या शतकात घोडा फिरवण्याच्या विद्येत इटलीचं मोठं नाव होतं आणि तिथले शब्द त्या विद्येबरोबर युरोपभर गेले. १५६०च्या दशकात इंग्रजीत मॅनेज करायचा तो घोडाच. लगाम, मांड, टाच. पुढच्या वीसेक वर्षांत हत्यार आणि कारभारही मॅनेज व्हायला लागले. कसंबसं निभावून नेणे हा अर्थ सतराव्या शतकात डोकावतो आणि एकोणिसाव्यात रुळतो. दरम्यान फ्रेंचमधलं ‘मेनाजे’, म्हणजे घर काटकसरीनं चालवणे, त्यात मिसळलं. ते दिसायला सारखं, पण मूळ वेगळं. त्यामुळे या क्रियापदाला तबेल्याचाही वास आहे आणि स्वयंपाकघराचाही.

मला यात सगळ्यात काय आवडतं सांगू? आपलं ‘हाताळणे’ नेमकं त्याच वाटेनं आलंय, हातावरून. आणि घोड्यावरून कारभाराकडे जायची वाटही इटालियन लोकांची एकट्याची नाही. अरबीत घोड्याची निगा राखणारा तो ‘साइस’, आपण ज्याला साईस म्हणतो तोच, आणि त्याच धातूतून निघाली ‘सियासत’. नागपूरच्या हिंदी पेपरात रोज मथळ्यात मिरवणारी सियासत मुळात खरारा करणाऱ्याची आहे.

तसं नागपूरला घोड्यांचं नवल नाही. रघुजी भोसल्यांचे स्वार १७४०च्या दशकात थेट बंगालात धडकत होते. सरकारी घोड्यावर बसणाऱ्या ‘बारगीर’चं बंगालीत ‘बर्गी’ झालं आणि तिथल्या अंगाईगीतात ते अजून येतात. घोडा सरकारचा असेल तो बारगीर, स्वतःचा असेल तो शिलेदार. हा फरक लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

आता ‘मॅनेज झाला’. हा प्रयोग शंभर टक्के आपला. इंग्रजीत एखाद्याला मॅनेज करणे म्हणजे त्याला सांभाळून घेणे, त्याच्याकडून काम करवून घेणे. ‘ही वॉज मॅनेज्ड’ ऐकून तिकडे पटकन कुणाला पाकीट आठवत नाही. मराठीत साक्षीदार मॅनेज होतो, कुस्ती मॅनेज होते, टेंडर मॅनेज होतं. १९५३ च्या नागपूर करारानं वर्षातून विधिमंडळाचं एक अधिवेशन इथे घ्यायचं ठरलं, त्यामुळे डिसेंबरात सिव्हिल लाइन्सकडे गाड्यांच्या रांगा, संध्याकाळी कुणाच्या तरी शेतावर हुरडा पार्टी, आणि पानठेल्यावर ‘कोण मॅनेज झालं बे’ ही चर्चा, हे आमच्या थंडीचं ठरलेलं रूप आहे. पानठेल्यावरचं सगळं खरं असतं असं मी म्हणत नाही. मी बोलतेय ती वाक्याबद्दल.

‘त्यानं लाच घेतली’ या वाक्यात कर्ता आहे, कर्म आहे, बोट ठेवायला जागा आहे. ‘तो मॅनेज झाला’ यात देणारा वाक्यातून पसार, आणि घेणारा जणू आजारी पडला. पाऊस झाला, उशीर झाला, तसा तो मॅनेज झाला. आता कुणी म्हणेल, जुन्या मराठीतही माणूस ‘फितूर झाला’ असंच म्हणत. बरोबर, तिथेही ‘झाला’च आहे. पण ‘फितूर’ या शब्दालाच असा डंख आहे की तो नातवंडांपर्यंत पुरतो. ‘तोडपाणी’ उच्चारताना तर तोंडच वाकडं होतं. ‘मॅनेज’ला डंख नाही, तोंड वाकडं होत नाही. तो इस्त्रीचा शर्ट घालून येतो, चहा घेतो, जातो. म्हणून माझं म्हणणं, जिथे पैसे खाल्ले तिथे ‘खाल्ले’ म्हणा. मराठीत त्यासाठी शब्दांचा तुटवडा नाही.

घरातल्या मॅनेजचं दुखणं निराळं. माझी आजी ‘भागवते’ म्हणायची. भागवते म्हटलं की काहीतरी कमी पडतंय हे ऐकणाऱ्याला कळायचं. तेल, पैसा, नाहीतर माणूस. ‘संसार ओढते’ म्हणणाऱ्या बाईकडे बघून निदान कुणी पाणी तरी विचारायचं. ‘सगळं मॅनेज करते’ म्हटलं की कमी पडलेलं दिसेनासंच होतं, उलट टाळ्या पडतात. महिला दिनाला शाल मिळते. प्राचीन रोममध्ये लग्नाचा एक प्रकार होता, त्यात बायको नवऱ्याच्या ‘मानुस’मध्ये, म्हणजे त्याच्या हाताखाली जायची. आपल्याकडे पाणिग्रहण. दोन्हीकडे धरणारा हात नवऱ्याचा. पुढचं मॅनेज कोण करतं, ते तुमच्या घरी तुम्हीच बघा.

सगळ्यात जास्त मला खुपतो तो आज्ञार्थी. ‘मॅनेज करून घ्या.’ हे वाक्य कधी खालून वर जात नाही. शिपायानं साहेबाला, सुनेनं सासूला, पेशंटनं डॉक्टरला ‘मॅनेज करून घ्या’ म्हटलेलं ऐकलंय का कुणी? ते वरून खालीच येतं, आणि त्याचा अर्थ एकच: माणसं, पैसा, वेळ यातलं काही देणार नाही, काम मात्र झालेलं पाहिजे. मुळात स्वार घोड्याला मॅनेज करायचा. आपण घोड्यालाच सांगतो, तूच मॅनेज कर. बारगिराला निदान घोडा मिळायचा. शिलेदाराला घोड्याचा खर्च धरून पगार जास्त असायचा. आजच्या नोकरदाराला सांगतात, घोडा तुझा, चारा तुझा, मोहीम आमची.

मी पूर्वी ज्या कॉलेजात होते तिथले एक बाबू (नाव नको) याचा जिवंत नमुना. ऑफिसात चार टेबलं, माणसं दोन. निवृत्त झालेल्यांच्या जागा भरल्याच नाहीत. प्रवेश, शिष्यवृत्ती, परीक्षेचे फॉर्म, पगारबिलं, सगळं त्या दोघांवर. बाबूंच्या टेबलावर फायलींचा असा ढीग की खिडकीसमोर उभं राहिलं तर पोरांना त्यांचं फक्त टक्कल दिसायचं. साहेबांकडे गेले की उत्तर ठरलेलं, ‘होते हो, मॅनेज करून घ्या.’ शेवटी एका उन्हाळ्यात त्यांनी अर्ज लिहिला आणि भाषा बघून द्या म्हणून माझ्याकडे आणला. लिहिलं होतं, ‘कामाच्या वाढत्या व्यापामुळे मॅनेज करणे थोडे कठीण जात आहे.’ मी म्हटलं, हे वाचून साहेब म्हणतील, थोडंच ना, मग करा. आम्ही ‘मॅनेज’ काढला, ‘थोडे’ काढला, आणि लिहिलं, ‘हे काम चार माणसांचे आहे. दोन माणसांकडून ते होत नाही. रिकाम्या जागा भराव्यात.’ बाबूंना ते फारच कडक वाटलं. दोनदा वाचलं, मग सही केली.

साहेबांनी अर्ज वाचला, चष्मा काढला, पुन्हा घातला, आणि म्हणाले, ‘ठीक आहे, आवक करून ठेवा.’ आवक-जावकचा माणूस निवृत्त झालेल्यांतलाच, त्यामुळे आवक नोंदवहीही बाबूंकडेच होती.