उत्तर: "3,900 रुपयांच्या ॲल्युमिनियमच्या दांड्या"

नमस्कार सर,

इंटरनॅशनल स्पेस स्टेशनमार्फत हॅम (हौशी) रेडिओवर ऐकण्या-बोलण्यासाठी तुम्ही आमच्याकडून घेतलेल्या, हातात धरायच्या अँटेनाचा रिव्ह्यू वाचला. पार्सल उशिरा पोचलं आणि तुमची सुट्टी वाया गेली, त्याबद्दल मनापासून दिलगीर आहोत. पण "तपकीर गल्लीत पाचशेला मिळणाऱ्या दांड्या 3,900 ला विकल्या, हँडसेटमधून चकार शब्द नाही, साधी खरखरसुद्धा नाही, शुद्ध फसवणूक" हे वाचून गप्प बसवत नाही. आमचं पोट याच कामावर आहे आणि तुमचा एक स्टार सगळ्यात वर दिसतो.

दांड्या म्हणाल तर दांड्याच आहेत. 145 मेगाहर्ट्झच्या (पाठवायच्या) तीन, 437 च्या (ऐकायच्या) पाच, एकमेकींना काटकोनात. 437 ची दांडी साधारण 33 सेंटीमीटरची असते. तीत 5 मिलिमीटर इकडचे तिकडे झाले की दीड टक्का फरक पडतो, म्हणजे साडेसहा मेगाहर्ट्झ. ॲमॅच्युअर बँड, म्हणजे हौशी रेडिओला दिलेला फ्रिक्वेन्सीचा पट्टा, मुळात आहेच केवढा! म्हणून प्रत्येक नग दोन्ही बँडवर एसडब्ल्यूआर (अँटेना त्या फ्रिक्वेन्सीला जुळते का ते सांगणारं माप) बघूनच बाहेर जातो. मुठीच्या आत डायप्लेक्सर (दोन बँड वेगळे करणारा भाग) आहे, त्यामुळे दोन्ही अँटेनांना मिळून एक केबल पुरते. केबलच्या टोकाला तुमच्या सेटला बसेल तोच एसएमए कनेक्टर लावून दिला होता, कारण काही सेटना मेल लागतो, काहींना फीमेल. पाचशेत हे सगळं कोणी देत असेल तर जरूर घ्या, आम्हालाही पत्ता कळवा.

आता "खरखरसुद्धा नाही" याबद्दल. सर, अँटेना काढून बाजूला ठेवली तरी स्क्वेल्च (सिग्नल नसताना खरखर दाबणारी सेटिंग) शून्यावर असलेला एफएम सेट खरखरतोच. खरखर नाही, याचा अर्थ सेटनेच स्पीकर बंद ठेवलाय. तुम्ही दुकानात सेट आणलात तेव्हा मेनू 11, म्हणजे आर-सीटीसीएस (ऐकण्याचा टोन), 67.0 वर होता. स्पेस स्टेशनच्या रिपीटरला (आपला आवाज घेऊन पुन्हा प्रसारित करणाऱ्या सेटला) 67 हर्ट्झचा टोन आपण पाठवायचा असतो, त्याची जागा मेनू 13, टी-सीटीसीएस (पाठवण्याचा टोन). तोच 11 मध्ये टाकला की सेट वरून टोन येण्याची वाट बघत बसतो आणि तो येईपर्यंत तोंड उघडत नाही. यात अँटेनाचा काय दोष? हे काउंटरवर तुमच्यासमोर बंद करून दाखवलं, खरखर सुरू झाली, तुम्ही "अच्छा" म्हणालात. रिव्ह्यूत त्याचा उल्लेख नाही.

राहिलेलं इथेच लिहितो, इतरांनाही उपयोग होईल. पाठवायची फ्रिक्वेन्सी 145.990, ती हलवायची नाही. ऐकायची 437.800, पण डॉप्लरमुळे (स्टेशनच्या वेगाने फ्रिक्वेन्सी सरकते त्यामुळे) स्टेशन उगवताना ती सुमारे 10 किलोहर्ट्झ वर असते आणि मावळताना तितकीच खाली. म्हणून 437.810, .805, .800, .795, .790 अशा पाच मेमरी भरा, पाचही मेमरींत पाठवायची 145.990 आणि टी-सीटीसीएस 67.0. आवाज फाटायला लागला की पुढची मेमरी. स्टेशन डोक्यावर असताना हे बदल भराभर करावे लागतात. एफएम वाइड ठेवा, ड्युअल वॉच (दोन चॅनल आलटून पालटून ऐकणं) बंद.

तुम्ही अर्धा तास अँटेना सरळ वर धरली होती असं लिहिलंय. पूर्ण पास, म्हणजे स्टेशन उगवल्यापासून मावळेपर्यंतचा वेळ, फार तर दहा मिनिटांचा. स्टेशन क्षितिजावर उगवतं तेव्हा दोन हजार किलोमीटरहून लांब असतं, डोक्यावर आलं की चारशेच्या आसपास. स्टेशन कुठे आहे ते दाखवणाऱ्या ॲपमध्ये दिशा दिसते, तिकडे अँटेना धरून हळूहळू फिरवायची. आवाज बसला की मनगट वळवून अँटेना आडवीची उभी करायची, बहुतेक वेळा लगेच उठतो. क्षितिजापासून 30 अंशांच्या वर चढणारेच पास निवडा. आणि ॲपची वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) आहे का ते बघा, नाहीतर साडेपाच तासांची चूक ठरलेली. डॉकिंग किंवा स्पेसवॉक असला की रिपीटर बंद ठेवतात, ते आमच्या हातात नाही.

"इस्रोचा हॅमसॅटही लागला नाही." हौशी रेडिओचा तो उपग्रह 5 मे 2005 ला अंतराळात गेला आणि जुलै 2014 पासून गप्प आहे. चालू असता तरी त्याला एसएसबी (एफएमहून वेगळी प्रसारणाची पद्धत) लागायचं, हा एफएम सेट चालला नसता.

अँटेना परत घेतली नाही हे खरं. तुम्ही ती परत आणलीत तेव्हा दुसरा डायरेक्टर (पुढच्या दांड्यांपैकी एक) वाकलेला होता, पण पार्सल उघडतानाच्या तुमच्याच फोटोत तो सरळ दिसतो. तरी तो फुकट बदलून देतो, घेऊन या. मराठी माहितीपत्रकाचं काम हाती घेतलं आहे, गच्चीवर डेमो ठेवता येतो का तेही बघतो.

तुमचा हॅम लायसन्स व्हीयू3 ने सुरू होणाऱ्या कॉलसाइनचा (रेडिओवरच्या नावाचा) आहे, बोलायचा हक्क आहे. पुण्याचा ग्रिड (रेडिओवर ठिकाण सांगायचा नकाशातला चौकोन) एमके 68. कॉलसाइन आणि ग्रिड, एवढंच बोलून बटण सोडा, पासमध्ये बाकीचेही थांबलेले असतात. एकदा संपर्क झाला की त्या "फसवणूक" शब्दाचं काय करायचं ते तुम्हीच ठरवा.