पाचशे घोड्यांची पागा

पंचाहत्तर किलो वजन एका सेकंदात एक मीटर उचलण्याची ताकद म्हणजे एक मेट्रिक अश्वशक्ती, ही व्याख्या शाळेत पाठ केल्यापासून मला घरगुती वाटत आली आहे, कारण माझे वजन नेमके ७५ किलो आहे. त्यामुळे पुतण्याने आपल्या जुन्या मोटारीतून ५०० अश्वशक्ती काढण्याचा मनोदय जाहीर केला, तेव्हा ती मोटार मला एका सेकंदात पन्हाळ्याच्याही वर भिरकावू शकेल, एवढा हिशेब मी हौसेने करून दाखवला. हिशेब करण्याऐवजी मी पडवीला कुलूप लावायला हवे होते. दुसऱ्याच दिवशी इंजिनाचा ओतीव लोखंडी ब्लॉक, म्हणजे सिलिंडरची भोके असलेला सांगाडा, तेथे मुक्कामाला आला.

मोटार मुळात ११० अश्वशक्तीची. इंजिनात जादा हवा कोंबणारा टर्बो बसवला की ताकद वाढते, हे पुतण्याला ठाऊक होते; ती वाढलेली ताकद सिलिंडरच्या भिंतींना, सिलिंडरवरच्या झाकणाच्या, म्हणजे हेडच्या, बोल्टांना आणि पिस्टनच्या रेट्याने फिरणारा दांडा, म्हणजे क्रँक, धरून ठेवणाऱ्या मेन कॅपना सोसावी लागते, हे त्याला शिवाजी उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी सांगितले. मी शंका काढताच मिस्त्री म्हणाले, "सायेब, ८० मिलीमीटरचा पिस्टन आणि १०० बारचा दाब धरा. एका भडक्याला पाच टन बसत्यात. तुमची पडवी तरी सोसंल का?" पडवीचा विषय निघायला नको होता, कारण आमच्या सौभाग्यवती मागेच उभ्या होत्या.

शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्रींमुळे कोल्हापुरात बहुतेक घरांत एखादा तरी काका ओतकामातला असतो. आमच्या घरात काका मीच, आणि मी बँकेत. त्यामुळे ब्लॉकची तपासणी मी अडाण्याच्या कुतूहलाने पाहिली. मिस्त्रींनी तो रॉकेलने माखला, पुसून कोरडा केला आणि वर खडूची पूड भुरभुरवली. तडा असेल तर आत शिरलेले रॉकेल पुडीवर ओली रेघ उमटवते. रेघ उमटली नाही म्हणून पुतण्या नाचू लागला, तेवढ्यात मिस्त्रींनी भिंतींची जाडी मोजणारे ध्वनिलहरींचे यंत्र लावले. ब्लॉक ओतताना पाण्याच्या पोकळीसाठी साच्यात वाळूचा कोअर ठेवतात आणि तो केसभर सरकला, तरी एका बाजूची भिंत जाड आणि दुसऱ्या बाजूची पातळ होते. आमच्या ब्लॉकची भिंत एकीकडे सात मिलीमीटर, तर दुसरीकडे जेमतेम चार भरली. आणि पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड तिरका असताना पिस्टन ज्या बाजूला रेटा देतो, नेमकी तीच बाजू चारची निघाली. मग भंगारातून दुसरा ब्लॉक आला, त्याचेही रडगाणे तेच. तिसरा पसंत पडला. नाकारलेले दोघे पडवीतच राहिले, कारण मुलगी पाहून आल्यावर नकार कळवण्याइतके सोपे ब्लॉक परत करणे नसते.

खरी ठिणगी पडली ती ग्राउटवरून. भिंती थरथरू नयेत म्हणून त्यांच्याभोवतीच्या पाण्याच्या पोकळीचा, म्हणजे जॅकेटचा, खालचा अर्धा भाग सिमेंटसारख्या, सुकताना न आकसणाऱ्या मिश्रणाने, म्हणजे ग्राउटने, कायमचा भरतात. काठोकाठ भरला तर इंजिन केवळ काही सेकंदांच्या शर्यतीपुरते उरते. अर्धा भरला तर रस्त्यावर चालते, फक्त खालचे पाणी गेल्यामुळे ऑइल अधिक तापते आणि त्यासाठी मोठा कूलर लागतो. हे सर्व मी सौभाग्यवतींना समजावून सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकले आणि म्हणाल्या, "गच्ची गळते म्हणून दोन पावसाळे सिमेंट मागतेय, त्याला पैसे नाहीत. आणि इंजिनात ओतायला आहेत?" बँकेत तीस वर्षे काढूनही या नोंदीचा ताळमेळ मला लावता आला नाही.

ग्राउट भरताना पोलादी मेन कॅप आणि जाड स्टड आवळून ठेवले होते, कारण नंतर आवळल्यास ब्लॉकचा आकार बदलतो. तीन आठवडे ब्लॉकला हात लावायचा नाही, असा दंडक होता. एवढी निगा आमच्या घरात फक्त बाळंतिणीची राखली गेली आहे. पुढे क्रँकची भोके एका रेषेत बोअर झाली, माथा घासून सपाट करण्याचे फेसिंग झाले आणि मग हेडच्या जागी दोन इंची लोखंडी प्लेट पूर्ण ताणाने आवळून सिलिंडर होन केले, म्हणजे आतून घासून नेमके गोल केले. हेड आवळले की गोल भोक किंचित वाकडे होते, म्हणून ते आधीच वाकडे करून मग गोल करायचे, ही युक्ती मला फार आवडली. घरात माझेही होनिंग साधारण याच पद्धतीने झालेले आहे.

अखेर आषाढातल्या एका संध्याकाळी मोटार निघाली. कावळा नाक्यावरील ताराराणींच्या पुतळ्यापाशी आमचे पाचशे घोडे उसाच्या रिकाम्या ट्रॉलीमागे पाऊण तास ताटकळले. पुढे पंचगंगेचा पूल ओलांडून रस्ता मोकळा मिळताच पुतण्याने पाय दाबला; इंजिनाने डरकाळी फोडली, करपलेला वास सुटला आणि मोटार होती तेथेच मंदावली. ब्लॉक शाबूत होता. क्लच जळाला होता. मिस्त्री फोनवर म्हणाले, "क्लच बदलू, पण मग गिअरबॉक्स टिकणार न्हाई."

टेंपोला दोर बांधून धो धो पावसात आम्ही घरी पोहोचलो. मी सवयीने दिवाणखान्यातली बादली रिकामी करायला गेलो, तर ती कोरडी होती. उरलेले अर्धे पोते ग्राउट सौभाग्यवतींनी तीन आठवड्यांपूर्वीच गवंड्याकडून गच्चीच्या भेगेत भरून घेतले होते.